घाडीबुवांची अठ्ठेचाळिसावी वही

दुकानात आलेल्या माणसाला मी आधी पाणी देते आणि मग तीन प्रश्न विचारते. यावर काय करणार, कुठे बसून करणार आणि दिवसाला किती तास करणार. लोकांना हे आवडत नाही. ते घरून जीबी पाठ करून आलेले असतात आणि त्यांना ते म्हणून दाखवायचे असतात. मी ऐकून घेत नाही. मी रेवती कर्णिक. घाटकोपर पश्चिमेला आमचं दुकान आहे. बाबांच्या काळात तिथे टाइपरायटर दुरुस्त व्हायचे, आता एकोणीस वर्षं मी तिथे लॅपटॉप आणि टॅबलेट विकते. जिभेला हाड नाही असं माझ्याबद्दल गल्लीत म्हणतात, आणि ते खोटं नाही.

पण माझ्यामुळे कुणाची फसगत होत नाही, हा माझा तोरा होता. नुसत्या मालिका बघणाऱ्या आजींना मी लॅपटॉप विकत नाही. रोज चार तास आकडे भरणाऱ्या माणसाला टॅबलेटच्या काचेवर बोटं आपटायला लावत नाही, त्याला बटणं लागतात. ज्याला उभ्याने काम करायचंय, गोदामात फिरायचंय, त्याला मांडीवरचं यंत्र काय कामाचं? या सगळ्याची मला इतकी खात्री होती की "माझ्या हातून गेलेली वस्तू परत येत नाही" असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे. हल्ली हे वाक्य मी म्हणत नाही. चंद्रप्रकाश घाडींकडून वस्तू दोनदा परत आली.

ते पहिल्यांदा आले नोव्हेंबरात, पुतण्याबरोबर. त्रेसष्ट वर्षांचा सडपातळ माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात कंगवा. माझ्या दुकानात कुणी चप्पल काढत नाही, यांनी पायरीवर काढली. पुतण्या सर्वेश ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि त्याचं ठरलेलं होतं.

"मॅडम, सिंपल आहे," तो म्हणाला. "काकांना वाचायला त्रास होतो. पंधरा इंची लॅपटॉप द्या. झूम करायचं, विषय संपला."

मी त्याच्याकडे न बघता काकांना विचारलं, "काय वाचायचंय तुम्हाला?"

"वही," ते म्हणाले.

"कसली वही?"

"भजनाची. मी डबलबारी करतो."

डबलबारी मला लांबून माहीत होती. माघी गणपतीला भटवाडीच्या मैदानात दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, एकाने गायचं, मग दुसऱ्याने, आणि कर्णे लावून सगळ्या घाटकोपरला ऐकवायचं, इतकंच मी समजत होते. वर्षानुवर्षं मी त्या दिवशी खिडक्या लावून घेतल्यात. एकदा तर आवाज कमी करा म्हणून मंडळाला चिठ्ठी पाठवली होती. त्या मैदानात ज्यांचा आवाज माझ्या खिडकीच्या फटीतून आत यायचा ते हेच, हे कळल्यावर मला जरा अवघडल्यासारखं झालं. मी ते बोलले नाही.

घाडीबुवांचे वडील मूळचे कोकणातले, लालबागला गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली, आणि कुटुंब भटवाडीच्या डोंगरउतारावर आलं. बुवा विक्रोळीच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात तीस वर्षं होते. पण ते स्वतःची ओळख सांगताना कारखान्याचं नाव घेत नाहीत. "एक्केचाळीस वर्षं पेटीवर आहे," असं सांगतात. पेटी म्हणजे हार्मोनियम. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला होता. कडेचं दिसतं, समोरचं धूसर होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पूर्ण अंधार होणार नाही, पण बारीक अक्षर आता विसरा. वाचायचं असेल तर अक्षर मोठं हवं आणि ठळक हवं.

"माघी गणपतीला बारी आहे," बुवा म्हणाले. "समोर हर्षद परब. पोरगा तयार आहे, चाळीसचा पण नाही. मंडळाने ठरवलंय की ही माझी शेवटची. निरोपाचा सत्कार पण ठरलाय."

"तुम्ही ठरवलंत का?" मी विचारलं.

त्यांनी खिशातला कंगवा सारखा केला. "मी म्हटलं, बघूया. ही बारी नीट झाली तर पुढचं बोलू. फसली तर पेटी खाली ठेवीन."

हे ते अगदी साध्या आवाजात बोलले. मी तीन प्रश्न विचारले. काय करणार? वाचणार. कुठे बसून? पेटीपुढे. किती तास? बारी तीन-चार तासांची. सर्वेश लॅपटॉपच म्हणत राहिला आणि मीही शेवटी हो म्हटलं, कारण वाचायचं तर स्क्रीन मोठी हवी, हे माझंही गणित होतं. सर्वेशने सगळ्या वह्यांचे फोटो काढून लॅपटॉपमध्ये भरले. वह्या सत्तेचाळीस होत्या.

पंधरा दिवसांत लॅपटॉप परत आला.

मुलुंडला कुणाकडे तरी सत्यनारायण होता, तिथे छोटी बारी झाली. पेटीवर लॅपटॉप मावेना म्हणून तो पुढ्यात चौरंगावर ठेवला. झाकण उघडल्यावर बुवांचं तोंड त्यामागे गेलं. डबलबारीत समोरच्याच्या डोळ्यांत बघून गायचं असतं, आणि इथे समोरच्याला बुवांचा नुसता भांग दिसत होता. समोरच्या बुवाने लगेच गाण्यात टोमणा घातला, की आज आमचे बुवा भजनाला आलेत की हापिसात? लोक पोट धरून हसले. त्यात फोटोतली शाई मुळातच फिकी. झूम केलं की फिकी शाई मोठी व्हायची, पण ठळक होत नव्हती.

हे सगळं सर्वेशने सांगितलं, मान खाली घालून. बुवा नुसतं म्हणाले, "तुमची काय चूक नाही." मला ते वाक्य फार लागलं, कारण चूक माझीच होती. पेटीपुढे बसणार हे ऐकून मी पेटी किती उंच असते, तिच्यावर काय मावतं, हे विचारलंच नव्हतं.

मी लॅपटॉप परत घेतला आणि दहा इंची टॅबलेट दिला. पेटीच्या वरच्या फळीवर वही टेकते तसाच तो टेकतो आणि तोंड झाकत नाही. सर्वेशला सांगितलं की फोटो नकोत, सगळं टाइप कर. काळी पार्श्वभूमी, पिवळं अक्षर, ओळीला चार शब्द. त्या पोराचं कौतुक करायला हवं. एरवी शहाणपणा करणारा हा मुलगा महिनाभर रोज कामावरून येऊन टायपिंग करत होता. काकांनी त्याला लहानपणी खांद्यावर बसवून बाऱ्यांना नेलं होतं, हे त्याने मला नंतर सांगितलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टॅबलेटही परत आला. या वेळी तो घेऊन बुवांच्या पत्नी आल्या, सुलक्षणावहिनी. एकट्याच. ठसठशीत कुंकू, हातात कापडी पिशवी, पिशवीतून टॅबलेट काढून त्यांनी काउंटरवर अलगद ठेवला.

"खराब झाला का?" मी विचारलं.

"नाही ओ, एकदम झकास चालतो. अक्षर पण दिसतं त्यांना. पण ते म्हणतात, ज्याचा उपयोग नाही तो घरात कशाला ठेवायचा."

"अक्षर दिसतं तर उपयोग कसा नाही?"

वहिनींनी इकडे तिकडे बघितलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. "तुम्ही रविवारी घरी या," त्या म्हणाल्या. "तालीम असते दुपारी. मी सांगितलं असं म्हणू नका."

माझा संताप झाला होता, खरं सांगायचं तर. दोन महिने मी, सर्वेश, त्याचं टायपिंग, आणि अजून काय हवं ते कुणी सरळ सांगेल तर शपथ. कोकणातली माणसं आतल्या गाठीची, असं मनात म्हणत मी रविवारी भटवाडीचा चढ चढले.

पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर घर. बाहेरच्या खोलीत सतरंजी, पेटी, पखवाज, पाठीमागे सहा-सात माणसं झांजा घेऊन. हा कोरस. बुवांनी मला बघितलं, म्हणजे कडेने बघितलं, आणि चहा सांगितला. मी कोपऱ्यात बसले.

आणि मग तासभर मी बघत राहिले ते तोंडाला कुलूप लावून, जे मला सहसा जमत नाही. बुवांना वही लागतच नव्हती. अभंग, गवळण, सगळं तोंडपाठ. एखादी ओळ अडली तर मागून कोरसमधलं कुणीतरी पहिला शब्द पुटपुटायचं आणि गाडी पुढे जायची. एक्केचाळीस वर्षं गायलेल्या माणसाला काय पाठ नसणार? आम्ही त्याला सत्तेचाळीस वह्या टाइप करून देत होतो.

मग कोरसमधल्या एकाने समोर बसून हर्षद परबची भूमिका घेतली आणि गजर सुरू झाला. गजर हा बारीचा शेवटचा, जलद लयीचा भाग. दोघा बुवांचे सवाल-जवाब याच भागात होतात. त्या माणसाने एक सवाल गायला. आणि तेव्हा मला दिसलं. तो गात असताना बुवांचा उजवा हात पेटीच्या आड गेला. तिथे कागदाचा तुकडा होता आणि पेन्सिल. मान वर, चेहरा हसरा, डाव्या हाताने पेटीवर ठेका पण देत होते, आणि खाली उजवा हात भराभर लिहीत होता. सवाल संपला. बुवांनी भाता हलवला, कागदाकडे नजर टाकली, आणि पहिल्या ओळीनंतर अडखळले. आपण आत्ताच लिहिलेलं त्यांना वाचता येत नव्हतं. कोरस पहिलीच ओळ म्हणत राहिला. बुवांनी हात वर केला आणि सगळं थांबलं.

 बुवा पेटीच्या पट्ट्या रुमालाने पुसत बसले.

"ह्यांका खरा काय ता सांगा," आतून सुलक्षणावहिनी म्हणाल्या. "लपवतास कित्याक?"

मग बुवांनी सांगितलं. डबलबारीत लोकांना वाटतं की जवाब बुवाच्या तोंडून आयता बाहेर पडतो. समोरचा गात असतो त्या दहा-बारा मिनिटांत बुवा तो रचतो आणि लिहून काढतो, हे सगळे बुवा जाणतात आणि कुणीच बोलत नाही. त्यांना ज्यांनी शिकवलं त्या बुवांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की चिठ्ठी पेटीच्या आड ठेवायची आणि तिचा उच्चार बाहेर करायचा नाही. म्हणून त्यांनी दुकानात येऊन वाचायचं म्हटलं. पुतण्यालासुद्धा खरं सांगितलं नव्हतं.

"वाचायचं नाही हो मला," ते म्हणाले. "लिहायचं आहे. लिहिलेलं लगेच दिसायला पाहिजे, एवढंच."

एवढंच. माझे तीन प्रश्न आणि माझा तोरा, दोन्ही त्या सतरंजीवर आडवे झाले. काय करणार, असं विचारून माणूस खरं सांगतोच असं नाही. कधी त्याला ते सांगायची चोरी असते, कधी त्याला ते इतकं सवयीचं असतं की सांगण्यासारखं वाटत नाही. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला एक चौथी गोष्ट सांगते, की तुम्ही आत्ता हे काम ज्याच्यावर करता ते घेऊन या आणि माझ्यासमोर करून दाखवा. परवा एक शिंपी वर्तमानपत्रावर बेतलेला ब्लाउज घेऊन आले होते. लोक हसतात, पण आणतात. बुवांच्या चिठ्ठीबद्दल मी इथे लिहितेय ते त्यांना विचारून. ते म्हणाले, आता लपवून काय करायचं, टॅबलेट तर सगळ्यांना दिसतो.

लिहायचं म्हटल्यावर निवड बदलली. साधा टॅबलेट आणि वेगळा मिळणारा रबरी टोकाचा पेन, हे चालणार नव्हतं. बुवा लिहिताना तळहात टेकवून लिहितात आणि साधी काच हातालाही पेन समजते, मग अक्षरांच्या मध्येच हाताचे फराटे उठतात. यांना असा टॅबलेट हवा होता ज्याचा पेन त्याचा स्वतःचा असतो आणि पेन जवळ आला की काच हाताकडे लक्ष देत नाही. तो मी आणला. त्यावर खरखरीत मॅट गार्ड लावला, एक तर मांडवातले दिवे काचेत चमकू नयेत म्हणून आणि दुसरं म्हणजे गुळगुळीत काचेवर पेन घसरतो, अक्षराला पकड राहत नाही. काळं पान, पिवळी जाड रेघ. सूचनांचे आवाज बंद, स्क्रीन आपोआप विझणं बंद, आडवं-उभं फिरणं बंद. यातल्या एकेका गोष्टीसाठी दुकानात लोक भांडायला येतात, म्हणून मी सगळं आधीच बंद केलं.

अडचण राहिली ती मापाची. बुवांना अक्षर दिसायचं तर ते अंगठ्याएवढं हवं. अंगठ्याएवढं अक्षर काढलं की दहा इंचांच्या पानावर एकच ओळ मावते. मी हिरमुसले. म्हटलं, दर ओळीला पान उलटायचं म्हणजे गाणार कधी?

बुवा पहिल्यांदाच मोठ्याने हसले. "अहो, एक ओळ मी म्हणतो, मग कोरस तीच ओळ तीनदा उचलतो. तेवढ्या वेळात मी काय करतो? वाट बघतो. पान उलटायला तेवढा वेळ बास झाला."

तिथेच बसून त्यांनी करून बघितलं. एका पानावर एक ओळ. लिहिली, बोटाने सरकवलं, दुसरी लिहिली. मग पहिल्या पानावर आले आणि वाचली. आपलं अक्षर त्यांनी दोन वर्षांनी बघितलं होतं.  वहिनी पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेल्या, आणि मीही चहा थंड झाला म्हणून उगाच तक्रार केली.

बारीला दोन आठवडे होते. बुवा रोज सकाळी आणि संध्याकाळी लिहीत होते. सर्वेश समोर बसून वेडेवाकडे सवाल गायचा, सुरात नाही, पण वेळ लावून. पहिल्या दिवशी बुवांच्या तीन ओळी झाल्या. आठवड्याने पाच. पान सरकवताना कधी दोन पानं सरकायची, कधी एकही नाही. मी चार वेळा भटवाडी चढले. माझी आई म्हणाली, तुझं दुकान तिथेच हलव.

माघी गणपतीच्या संध्याकाळी मी मैदानात दुसऱ्या रांगेत बसले होते, आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला. मांडव भरला होता. बायका पुढे, म्हातारे खुर्च्यांवर, पोरं कठड्यावर. दोन बाजूंना दोन मंच, मध्ये गणपती. आमच्या बाजूला घाडीबुवा, पलीकडे हर्षद परब, कडक कुर्ता, गळ्यात तुळशीमाळ आणि आवाज असा की कर्ण्याची गरजच नव्हती. मंडळाचे सेक्रेटरी रतन तावडे खाली टेबलावर शाल आणि नारळ ताटात मांडून बसले होते. ती निरोपाची शाल मला सारखी दिसत होती आणि मला ती उचलून फेकून द्यावीशी वाटत होती.

पहिले दोन तास बरे गेले. अभंग झाले, गवळणी झाल्या. बुवांचा आवाज वरच्या पट्टीत थोडा फाटायचा, पण शब्द एकेक सुटा आणि स्वच्छ. मग गजर आला. हर्षद परबने टॅबलेट बघितला होताच. त्याने आधी पाटी-पेन्सिलीवरून एक कोपरखळी मारली, बुवांचं नाव पहिलीत घातलंय का म्हणून. लोक हसले, बुवाही हसले. मग त्याने खरा सवाल टाकला.

"धृतराष्ट्राच्या डोळां अंधार, संजय सांगे रणाची वार्ता,
बुवा, तुमचा संजय कोण, सांगून जावा जाता जाता."

 सवाल खोचक होता. डोळ्यांवर होता आणि निरोपावरही होता. डबलबारीत हे चालतं, तिथे कुणी राग धरत नाही, असं मला नंतर सांगितलं गेलं. मला मात्र भयंकर राग आला. हर्षद ती कल्पना फिरवून फिरवून दहा मिनिटं गात राहिला आणि मी बुवांच्या हाताकडे बघत होते. हात लिहीत होता. थांबला. पुन्हा लिहायला लागला. एक पान सरकलं, दुसरं सरकलं. शेजारी वहिनींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

हर्षदने सवाल संपवला आणि आमच्या बाजूचा पखवाज सुरू झाला. बुवांनी भाता ओढला.

"डोळे नव्हते म्हणून नव्हे, मायेपायी आंधळा झाला."

कोरसने ओळ उचलली. एकदा, दोनदा, तीनदा. बुवांनी बोटाने पान सरकवलं.

"संजय सांगून थकला तरी, राजा कानांनी बहिरा ठरला."

टाळ्या आल्या. पुन्हा कोरस, पुन्हा पान. आणि या वेळी बुवा गायले नाहीत. मी बसल्या जागेवरून पान बघू शकत नव्हते, पण काय झालं ते मला कळलं. लिहिताना एक पान कोरं सरकलं होतं. त्यांच्यापुढे नुसता काळोख होता. कोरसचं तिसरं आवर्तन झालं. चौथं झालं. पाठीमागच्या सात माणसांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही, ते ओळ सोडायला तयार नव्हते. पाचवं झालं, झांजा अजून जोरात. बुवांनी मान तिरपी केली, डोळ्याच्या कडेने बघितलं, आणि बोट पुन्हा एकदा सरकवलं.

"माझा संजय पाठी बसला, ओळ माझी झेलून धरतो,
एकदा म्हणतो मी जे काही, तीनदा तो खरे करतो."

मांडव उठला. लोकांना वाटलं की ती पाच आवर्तनं बुवांनी मुद्दाम घेतली, कोरस दाखवण्यासाठी. ती ओळ त्यांनी पाच मिनिटं आधी लिहिली होती आणि कोरसने ती आत्ता, सगळ्यांसमोर खरी करून दाखवली होती.  पखवाजवाल्याने ठेका दुप्पट केला. बुवांना शेवटच्या दोन पानांकडे बघावंही लागलं नाही. त्यांनी थेट हर्षदकडे बघितलं, जितकं त्यांना दिसतं तितकं.

"जाता जाता पुसलंस लेका, ऐक उत्तर बसता बसता,
उठू कशाला इथून मी, पाठी माझा कोरस असता."

पलीकडच्या मंचावर हर्षद परबने पेटीवरून हात काढले आणि दोन्ही हात जोडले. मग तो हसत सुटला.

नऊ वाजता रतन तावडे ताट घेऊन मंचावर चढले. माईक हातात होता, भाषण कागदावर होतं. बुवांच्या एक्केचाळीस वर्षांच्या सेवेबद्दल दोन वाक्यं वाचून त्यांनी शाल उलगडली आणि बुवांच्या खांद्यावर घालायला पुढे झाले. बुवांनी त्यांचा हात धरून थांबवला. आमच्याकडे, म्हणजे त्यांच्याकडे, पुढच्या वर्षाची बारी ठरते ती नारळ हातात घेऊन.

"शाल ठेव तुझ्याकडे," बुवा म्हणाले. "नारळ तेवढो घेतंय."